हेतू कुणी पाहिलाय? वाटाघाटीतल्या नेत्यांना तोलताना

मंडळी, आजचा विषय एका प्रश्नाचा आहे. वाटाघाटीला बसलेला नेता तत्त्वासाठी बसलाय की स्वतःच्या सोयीसाठी, हे आपण कसं ठरवतो? आणि जे ठरवतो, ते नीट ठरवतो का?

बीड जिल्ह्यात हा प्रश्न पुस्तकी नाही. दसरा-दिवाळीच्या सुमाराला आपल्या वाड्या-तांड्यांवरून ट्रक-ट्रॅक्टर भरून माणसं ऊसतोडीला निघतात. कुणी पश्चिम महाराष्ट्रात जातं, कुणी कर्नाटकात. टनाला दर किती आणि मुकादमाचं कमिशन किती, हे मात्र पुण्यात साखर संघ आणि नेते यांच्या बैठकीत ठरतं. पूर्वी तिथं मजुरांच्या बाजूने गोपीनाथराव मुंडे असायचे. त्यांच्यानंतर ती जागा पंकजाताईंकडे आली.

२७ ऑक्टोबर २०२० ची बैठक आठवा. पुण्याजवळ मांजरीला, वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटमध्ये ती झाली. शरद पवार, जयंत पाटील, पंकजा मुंडे, धनंजय मुंडे सगळे हजर होते. मजुरीत १४ टक्के वाढ ठरली. सुरेश धस आणि काही संघटनांची मागणी याहून बरीच मोठी होती. पण दुसऱ्या दिवशी आपल्याकडे पारावर, हॉटेलात चर्चा कशाची? बहीण-भाऊ एका व्यासपीठावर आले, याची. ताईंनी पवारसाहेबांचं जाहीर कौतुक का केलं, याची. त्या पक्ष सोडणार का, याची. १४ टक्के म्हणजे हातात किती रुपये, हे विचारणारा विरळा.

आमची टीका इथून सुरू होते, आणि ती नेत्यांच्या आधी आपल्यावर आहे. आपण हेतूचा वास घेत बसतो आणि हिशेब तसाच राहतो.

हे फक्त आपल्याकडेच घडतं असं नाही. ब्रिटनचं ब्रेक्झिट बघा. २३ जून २०१६ ला सार्वमत झालं, ५१.९ टक्के लोकांनी युरोपीय संघ सोडण्याच्या बाजूने कौल दिला. त्याआधी बोरिस जॉन्सन यांनी दोन लेख लिहून ठेवले होते, एक बाहेर पडण्याच्या बाजूचा आणि एक आत राहण्याच्या बाजूचा. छापला बाहेर पडण्याचा. दुसरा लेख उजेडात आल्यावर लोक म्हणाले, बघा, माणसाला तत्त्वच नाही. पण थांबा. दोन्ही बाजू मांडून पाहणं हे विचारी माणसाचंही लक्षण असू शकतं. नुसत्या लेखावरून मनातलं कळत नाही.

कळतं ते पुढच्या वागण्यावरून. नोव्हेंबर २०१८ मध्ये उत्तर आयर्लंडच्या डीयूपी पक्षाच्या अधिवेशनात जॉन्सन यांनी सांगितलं, की आमच्या पक्षाचं कोणतंही सरकार उत्तर आयर्लंड आणि बाकी ब्रिटन यांच्यामध्ये अशी तपासणीची भिंत मान्य करणार नाही. पंतप्रधान झाल्यावर ऑक्टोबर २०१९ मध्ये त्यांनी जो करार केला, त्यात मालाची तपासणी नेमकी तिथेच आली. इथं मनात शिरायची गरज पडत नाही. शब्द एक, करार दुसरा, आणि मध्ये खुर्ची बदललेली. ही झाली पहिली कसोटी: खुर्ची बदलल्यावर भूमिका टिकली का?

दुसरी कसोटी, भूमिकेची किंमत कोणी मोजली? सप्टेंबर २०१९ मध्ये कराराविना बाहेर पडण्याला विरोध केला म्हणून सत्ताधारी पक्षाच्या २१ खासदारांना पक्षाच्या संसदीय गटातून काढलं. त्यांत चर्चिल यांचे नातू निकोलस सोम्स होते, अनेक दशकं खासदार असलेले केन क्लार्क होते. त्यांचं मत चूक होतं की बरोबर, यावर वाद घाला. पण ते सोयीसाठी बोलत होते, असं म्हणता येणार नाही. एक लक्षात ठेवा, किंमत मोजली म्हणजे माणूस प्रामाणिक ठरतो, त्याचं म्हणणं बरोबर ठरत नाही. या दोन गोष्टी आपण नेहमी एकत्र करतो.

आता या कसोट्या घेऊन घरी येऊ. धनंजय मुंडे विरोधी पक्षनेते असताना ऊसतोड कामगारांचा प्रश्न मांडायचे. सामाजिक न्याय मंत्री झाल्यावर, आधी नुसतंच घोषणेत राहिलेलं गोपीनाथरावांच्या नावाचं कल्याण महामंडळ त्यांच्या खात्याकडून उभं राहिलं. मजुरांच्या मुलांसाठी २०२१ मध्ये संत भगवानबाबा वसतिगृह योजना आली. खुर्ची बदलली आणि विषय टिकला, एवढं मान्य करावं लागेल. बाकीच्या बाबतीत त्यांच्यावर टीका करणाऱ्यांनीही हे मान्य करावं. तोलायचं तर दोन्ही पारडी हवीत.

पंकजाताईंचं घ्या. मजुरांच्या बाजूने लवादात बसायच्या त्या, आणि परळीच्या वैद्यनाथ सहकारी साखर कारखान्याच्या अध्यक्षही त्याच. म्हणजे देणाऱ्यांतही पाय आणि घेणाऱ्यांतही पाय. पवारसाहेबांचं आणि साखर धंद्याचं नातं तर जुनंच. यावरून कुणाचा हेतू वाईट होता असं आम्ही म्हणत नाही, तसा पुरावा नाही. आम्ही एवढंच म्हणतो, की एकाच माणसाला दोन्ही पारड्यांत बसवणारी रचना असेल, तर तिथं चांगल्या हेतूवर विसंबून चालत नाही. सासरा आणि सावकार एकच असला, की माणूस कितीही भला असो, व्याजाचा कागद वाचूनच सही करावी.

तिसरी कसोटी सगळ्यात महत्त्वाची. जो टेबलावर नव्हता, त्याचं काय झालं?

जानेवारी २०२४ मध्ये पुन्हा करार झाला, ३४ टक्के वाढ. आकडा मोठा वाटतो. हिशेब करू. आधीचा दर १०० धरा. २०२० ला ११४ झाला, २०२४ ला साधारण १५३. आता हा दर कुणाचा? कोयत्याचा. कोयता म्हणजे नवरा-बायको, दोघं मिळून एक. म्हणजे १५३ हे दोन माणसांचे. बाईच्या कष्टाची वेगळी नोंद नाही, बहुतेक वेळा उचल नवऱ्याच्या नावावर. एक दिवस काम चुकलं तर खाडा धरतात, पैसे कापतात. मग पाळीच्या दिवसांत, आजारपणात बाई काय करणार?

याचं उत्तर २०१९ मध्ये जगासमोर आलं. आपल्या जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांच्या सरकारी सर्वेक्षणात १३,८६१ जणींची गर्भाशयं काढलेली निघाली. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती बसली. त्यानंतर दोन करार झाले. त्यांच्या बातम्यांत ठळक काय होतं? टक्के आणि कमिशन. खाड्याचा मथळा कुठे झाला? पाळीच्या रजेचा, फडाजवळच्या पाण्याचा, संडासाचा कुठे झाला? तिसऱ्या कसोटीवर एकटा नेता नापास होत नाही, सगळं टेबल नापास होतं. त्यात दोन्ही बाजू आल्या, बातमी देणारे आले आणि टाळ्या वाजवणारे आपणही आलो.

आता कुणी म्हणेल, अहो, सगळे सारखेच, कशाला तोलता? हे वाक्य ऐकायला शहाणपणाचं वाटतं, पण नेत्यांना याच्याएवढी सोयीची गोष्ट दुसरी नाही. सगळेच सारखे म्हटलं, की जाब कुणालाच द्यावा लागत नाही. ज्याने वसतिगृह उघडलं तो आणि ज्याने नुसती घोषणा केली तो, दोघं एकाच भावात जातात. मग पुढच्या वेळी वसतिगृह कोण उघडेल?

म्हणून आमचं म्हणणं साधं आहे. पुढच्या कराराची वेळ येईल तेव्हा कोण कुणाच्या शेजारी बसलं, हे बघू नका. चार गोष्टी मागा. एक, कराराची मराठी प्रत प्रत्येक टोळीच्या हातात. दोन, बैठकीत स्वतः ऊस तोडणाऱ्या बायका. तीन, खाड्याबद्दल लेखी अट. चार, लवादात बसणाऱ्याने आपलं कुठल्या कारखान्याशी काय नातं आहे, ते आधी जाहीर करणं. ज्या नेत्याला यातलं काही नको असेल, त्याला कारण विचारा. तो जे उत्तर देईल, ते लिहून ठेवा, आणि त्याची खुर्ची बदलली की काढून वाचा.