योग्यता प्रमाणपत्र आणि रस्ता सुरक्षा : सक्तीच्या वाहन तपासणीची चिकित्सा

प्रास्ताविक

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५६ नुसार योग्यता प्रमाणपत्राविना कोणतेही परिवहन वाहन विधिवत नोंदणीकृत मानले जात नाही. परिवहन कार्यालयाच्या आवारात ज्याला ‘पासिंग’ म्हटले जाते, ते या कलमाचे व्यवहारातील रूप होय. सध्याच्या नियमांनुसार वाहन आठ वर्षांचे होईपर्यंत दर दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी ही तपासणी करून घ्यावी लागते. खासगी मोटारीवर मात्र पंधरा वर्षांनंतर नोंदणीचे नूतनीकरण करतानाच ती वेळ येते. या सक्तीमागील गृहीतक असे की, वाहन निर्दोष असेल तर रस्ता तेवढ्या प्रमाणात सुरक्षित होतो. तपासणी निरुपयोगी ठरविणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू नाही. तपासणी प्रत्यक्षात कशाची हमी देते आणि समाज व न्यायव्यवस्था तिच्याकडून कशाची हमी गृहीत धरतात, या दोहोंतील अंतर हा येथील विवेचनाचा विषय आहे.

परदेशी संशोधनाचा आधार कितपत?

तपासणीविरोधी युक्तिवादात नॉर्वेतील प्रयोगाचा दाखला हमखास दिला जातो, आणि तो दुर्लक्षिण्याजोगा नाही. स्टाइन फोसर यांनी १९९२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या या अभ्यासात २,०४,००० मोटारींची यादृच्छिक पद्धतीने तीन गटांत विभागणी करण्यात आली होती. एका गटाची तीन वर्षे दरवर्षी तपासणी झाली, दुसऱ्याची एकदाच झाली, तर तिसऱ्याची झालीच नाही. तपासलेल्या मोटारींची तांत्रिक अवस्था सुधारली. परंतु अपघातांच्या प्रमाणात फरक आढळला नाही. क्रिस्टेन्सन आणि एल्विक यांचा २००७ मधील अभ्यासही त्याच दिशेने जातो. सदोष मोटारींना अपघात अधिक होतात हे त्यांनाही दिसले. मात्र दोष दुरुस्त झाल्यावर अपघात घटले नाहीत. आपले वाहन कुरकुरते हे ठाऊक असलेला चालक जपून चालवितो आणि दुरुस्तीनंतर ती सावधगिरी सैल होते, हे याचे एक संभाव्य स्पष्टीकरण. अमेरिकेतील न्यू जर्सी राज्याने २०१० मध्ये खासगी मोटारींची यांत्रिक तपासणी बंद केली. त्यानंतरही अपघाती मृत्यूंत लक्षणीय वाढ झाली नाही, असे होगलंड आणि वूली यांनी २०१८ मध्ये दाखवून दिले. याउलट न्यूझीलंडमधील माहितीच्या आधारे विल्यम व्हाइट यांनी १९८६ मध्ये असे निरीक्षण नोंदविले की, तपासणीनंतर लगेचच्या काळात अपघाताची शक्यता कमी असते आणि जसजसे दिवस जातात तसतशी ती वाढते.

हे निष्कर्ष जसेच्या तसे महाराष्ट्राला लावणे ही मोठी पद्धतिशास्त्रीय चूक ठरेल. नॉर्वे व न्यू जर्सी येथील अभ्यास प्रामुख्याने खासगी मोटारींचे आहेत. तेथे मालक आणि चालक बहुधा एकच असतो. ब्रेक कर्कशला की त्याचाच जीव धोक्यात येतो. आपल्याकडे नियमित सक्ती आहे ती मालमोटारी, बसगाड्या, टेम्पो व रिक्षांवर. त्यातही अवजड वाहनांच्या बाबतीत दुरुस्तीचा खर्च मालकाने करावयाचा आणि धोका पगारी चालकाने पत्करावयाचा, अशी विभागणी सर्रास आढळते. टेक्सास राज्याने १ जानेवारी २०२५ पासून खासगी मोटारींची सुरक्षा तपासणी रद्द केली, तेव्हाही व्यावसायिक वाहनांची कायम ठेवली. तपासणी हटविण्याच्या बाजूने टेक्सासचे नाव घेणारे हा तपशील सहसा सांगत नाहीत.

रिकामे वाहन, भरलेले वाहन

तपासणीच्या उपयुक्ततेचा खरा प्रश्न तिच्या स्वरूपात आहे. पासिंगला मालमोटार येते ती सामान्यतः रिकामी, धुऊन पुसून आणि सपाट जागेवर. अपघात होतो तो भरलेल्या मालमोटारीचा, उतारावर. पासिंगपुरते चांगले टायर चढवून नंतर पुन्हा जुने रिमोल्ड टायर बसविण्याची चाल परिवहन व्यवसायात सर्वांना ठाऊक आहे. परंतु ती लबाडी वगळली तरीही अडचण शिल्लक राहतेच. २०१८ मध्ये केंद्र शासनाने धुरीवरील अनुज्ञेय भार वाढविला. त्यामुळे दोन धुऱ्यांच्या मालमोटारीचे कमाल एकूण वजन १६.२ टनांवरून १८.५ टनांवर गेले. ब्रेकने किती वजन आवरावयाचे ही मर्यादा वाढली. ते आवरता येते की नाही हे पाहण्याची रीत मात्र रिकाम्या वाहनाचीच राहिली.

पुण्याजवळील कात्रजच्या नव्या बोगद्यापासून नवले पुलाकडे येणारा उतार या संदर्भात उद्बोधक आहे. २० नोव्हेंबर २०२२ रोजी तेथे एका मालमोटारीने अनेक वाहनांना धडक दिली. ब्रेक निकामी झाल्याचे प्रथम सांगितले गेले. पुढे पोलिसांच्या तपासात, इंधन वाचविण्यासाठी चालकाने उतारावर इंजिन बंद करून वाहन न्यूट्रलमध्ये सोडल्याचे निदान पुढे आले. यामागील यंत्रशास्त्र लक्षात घेणे आवश्यक आहे. हवेच्या ब्रेकला लागणारा दाब इंजिनवर चालणारा कॉम्प्रेसर निर्माण करतो. इंजिन बंद असताना पुन्हा पुन्हा ब्रेक दाबल्यास टाकीतील हवा संपत जाते. गिअर नसल्यामुळे इंजिनाचा अवरोधही मिळत नाही आणि सर्व उष्णता ड्रम व लायनर यांनाच सोसावी लागते. तापलेला ड्रम प्रसरण पावतो, लायनरची पकड सुटते. अशा स्थितीत सकाळी निर्दोष ठरलेला ब्रेक दुपारी निकामी होऊ शकतो. ‘ब्रेक फेल’ या दोन शब्दांत वाहनाचा दोष, चालकाची सवय, मालकाने ठरवून दिलेला डिझेलचा हिशेब आणि रस्त्याची रचना असे चार घटक एकत्र बांधले जातात. योग्यता प्रमाणपत्र त्यांपैकी केवळ पहिल्याविषयी बोलते.

यंत्राची साक्ष

तपासणीतील शैथिल्याची दखल मुंबई उच्च न्यायालयाने जनहित याचिकेच्या निमित्ताने घेतली आणि २५० मीटर लांबीच्या ब्रेक चाचणी मार्गाचा आग्रह धरला. अनेक कार्यालयांकडे असा मार्गच नव्हता. प्रमाणपत्रे मात्र दिली जात होती. नजरेने तपासून शिक्का मारण्याच्या या पद्धतीवर उपाय म्हणून २०२१ च्या नियमांनी स्वयंचलित चाचणी केंद्रांची व्यवस्था आणली. अवजड वाहनांसाठी आधी १ एप्रिल २०२३ ही तारीख ठरली होती. ती पुढे १ ऑक्टोबर २०२४ पर्यंत ढकलण्यात आली. केंद्राने दुरुस्तीचा अथवा सुट्या भागांच्या विक्रीचा व्यवसाय करू नये, ही या नियमांतील अट स्वागतार्ह आहे. ब्रिटनमध्ये तपासणारे आणि दुरुस्त करणारे गॅरेज एकच असू शकते. तो मोह येथे टाळला गेला.

तथापि यंत्राने मानवी पक्षपात कमी होईल, चाचणीची मर्यादा नव्हे. रोलरवर प्रत्येक चाकाचे ब्रेकबल अचूक मोजले जाईल, पण ते त्या क्षणाचे आणि त्या रिकाम्या वाहनाचे असेल. व्हाइट यांच्या निरीक्षणातील ‘दिवस जातात तसतशी’ हा भाग रोलरलाही लागू आहे. मुंबई-पुणे किंवा मुंबई-नागपूर अशा वाऱ्या करणाऱ्या मालमोटारीच्या बाबतीत एक वर्ष म्हणजे किती लायनर, याचा विचार मुदत ठरविताना झालेला दिसत नाही. मुदत वर्षांत मोजली जाते. झीज मात्र किलोमीटरांत होते.

प्रमाणपत्राचे ओझे कोणावर?

केंद्रीय परिवहन मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात १,६८,४९१ व्यक्ती रस्ते अपघातांत मृत्युमुखी पडल्या. त्यांपैकी १५,२२४ महाराष्ट्रातील होत्या. सत्तर टक्क्यांहून अधिक मृत्यूंचे कारण अतिवेग असे नोंदले गेले. अपघाताला एकच कारण लावण्याची ही रीत सदोष आहे. वेग दिसतो, लायनरची जाडी दिसत नाही. शिवाय वाहनाकडे वैध प्रमाणपत्र असले की तांत्रिक दोषाचा पक्ष आरंभीच दुबळा होतो आणि उरतो तो चालकाचा निष्काळजीपणा. भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ मध्ये निष्काळजीपणाने झालेल्या मृत्यूसाठी कमाल शिक्षा दोन वर्षांवरून पाच वर्षांवर गेली आहे. मोटार वाहन अधिनियमाचे कलम १९० सदोष वाहन चालविणाऱ्याइतकेच ते चालवू देणाऱ्यालाही जबाबदार धरते. पण मालकाला दोष ठाऊक होता हे सिद्ध करणारा कागद क्वचितच अस्तित्वात असतो, कारण चालकाची तक्रार बहुधा तोंडी असते. रस्त्याच्या सुरक्षिततेसाठी आखलेले प्रमाणपत्र येथे मालकाच्या बचावाचा दस्तऐवज बनते, आणि हाच या व्यवस्थेवरील सर्वांत गंभीर आक्षेप होय.

म्हणूनच तपासणी रद्द करण्याची मागणी व्यावसायिक वाहनांपुरती अमान्य करावी लागते. मालकाला वर्षातून एकदा तरी ब्रेकवर खर्च करावयास लावणारी दुसरी सक्ती सध्या नाही. परंतु चालकाने दोषाची लेखी नोंद करावी आणि मालकाने तिच्यावर स्वाक्षरी करावी, अशी नोंदवही अवजड वाहनात अनिवार्य केली, तर कलम १९० ला पुरावा मिळेल. भरलेल्या वाहनाची तपासणी आवारात शक्य नसेल तर ती रस्त्यावर व्हावी. साताऱ्याकडून पुण्यास येणारी मालमोटार कात्रजचा बोगदा ओलांडण्यापूर्वी खेड शिवापूरच्या टोलनाक्यावरून जाते. त्या ठिकाणी ती पूर्ण भारासह असते आणि उतार अजून पुढे असतो. हवेचा दाब, ड्रमचे तापमान व वजन या तीन गोष्टी तेथेच पाहता येतील.