एकीकरणाचे वाङ्मय आणि कौतिकची बोली

पहिल्या मेच्या सकाळी आमच्या राजूरच्या शाळेत झेंडावंदन होते आणि मग मुलांच्या हाती निकालपत्रके पडतात. या दोहोंच्या मधल्या वेळात चार शब्द बोलण्याचे काम बहुधा माझ्याकडे येते. एकीकडे कोळशाची खाण, दुसरीकडे चुन्याच्या भट्ट्या, अशा गावची ही मुले. कोणाच्या घरी तेलुगू, कोणाच्या घरी हिंदी आणि बाकीच्यांच्या घरी आमची वऱ्हाडी. मी नेहमीचेच भाषण करतो. मराठी बोलणाऱ्यांचे एक राज्य व्हावे म्हणून चळवळ झाली, शंभरावर माणसांनी प्राण दिले आणि १ मे १९६० रोजी मुंबईसह महाराष्ट्र झाला. तुटलेले मुलूख जोडले गेले. काही वर्षांपूर्वी हे भाषण संपवून मी खुर्चीवर बसतो न बसतो तोच सहावीतल्या एका मुलीने विचारले, "सर, आपल्याले कोनासंग जोडलं?"

मी मास्तर. सवयीने आधी तिचे वाक्य सुधारले. 'आपल्याले' नव्हे, 'आपल्याला'. 'कोनासंग' नव्हे, 'कोणाशी'. तेवढ्यात निकालाची गडबड सुरू झाली आणि उत्तर द्यायचे राहूनच गेले. ते आजपर्यंत राहिलेले आहे. मॅट्रिकपलीकडे माझे शिक्षण झालेले नाही. चार कादंबऱ्या लिहिल्या आणि हाती पडले ते वाचले, एवढीच माझी पुंजी. तेव्हा त्या प्रश्नाचे उत्तर मी वाङ्मयातच शोधू लागलो. त्या शोधात जे दिसले ते वाचकांपुढे ठेवतो.

वाङ्मयात शोधण्याला कारणही आहे. संयुक्त महाराष्ट्राच्या मागणीला खरा जोर आला तो साहित्यिकांच्या मांडवात. १९४६ साली बेळगावला भरलेल्या साहित्य संमेलनात एकीकरणाचा ठराव झाला आणि त्या संमेलनाचे अध्यक्ष होते नागपूरच्या 'तरुण भारत'चे संपादक, कादंबरीकार ग. त्र्यं. माडखोलकर. म्हणजे विदर्भाला कोणी झोपेत उचलून नेले, असे म्हणण्याची सोय नाही. पण दुसरी बाजूही तितकीच आमच्या घरची आहे. लोकनायक बापूजी अणे आमच्या तालुक्याच्या गावचे, वणीचे. त्यांना विदर्भाचे वेगळे राज्य हवे होते. १९५५ साली फाजल अली आयोगानेही तशीच शिफारस केली होती. त्याआधी १९४७ चा अकोला करार झाला होता, १९५३ चा नागपूर करार झाला होता. नोकऱ्या, शिक्षण, खर्चाचा वाटा लोकसंख्येच्या प्रमाणात मिळेल आणि वर्षातून एक अधिवेशन नागपुरास भरेल, असे त्यात लिहून दिले होते. अधिवेशन भरते. बाकीच्या कलमांचा हिशेब मांडणे हे माझ्या लेखणीचे काम नव्हे. राज्य झाल्यावर दोनच वर्षांनी, १९६२ साली, नागपूरच्या मतदारांनी अण्यांना लोकसभेवर पाठवले, एवढे मात्र नोंदवून ठेवतो.

आता वाङ्मयाकडे वळू. एकीकरणाच्या चळवळीने मराठीला पोवाडे दिले, कलापथके दिली, आचार्य अत्र्यांचा 'मराठा' दिला. त्यातले बरेचसे त्या दिवसांबरोबर विझले. आजही ऐकताना आत काही हलते ती अण्णा भाऊ साठे यांची 'माझी मैना' ही लावणी. तिचे बळ कशात आहे? तिच्यात विजयाचा डांगोरा नाही. पोटासाठी मुंबईला आलेला कामकरी आहे आणि गावाकडे राहिलेली त्याची बायको आहे. मुलूख तुटल्याचे दुःख अण्णा भाऊंनी या ताटातुटीच्या दुःखात असे मिसळून टाकले की ऐकणाऱ्याला नकाशा वेगळा समजावून सांगावा लागत नाही. चळवळीच्या घाईत, मैदानातल्या माणसांसाठी रचलेले गाणे इतके घरगुती राहू शकते, हे मोठेच आश्चर्य आहे.

पण ते गाणे मुंबईत उभे राहून गावाकडे पाहते. आम्ही त्या दृष्टीच्या टप्प्यात कुठे येतो? आम्ही मागे राहिलेली मैना नव्हतो. आम्ही त्या घरात नव्याने आलेली सून होतो. सून आली म्हणून घरात आनंद झाला, वाजंत्री वाजली. त्या सुनेला काय वाटले, हे गाणे मात्र मला त्या पर्वाच्या वाङ्मयात सापडेना.

इथे मला आयर्लंडची आठवण होते. ती ओढून-ताणून आणलेली नाही. टिळकांनी आपल्या चळवळीला 'होमरूल' हे नाव आयर्लंडवरूनच घेतले होते. त्यांचा होमरूल लीग स्थापन झाला तोही बेळगावात, १९१६ च्या एप्रिलअखेरीस; त्याच आठवड्यात डब्लिनमध्ये ईस्टरचे बंड पेटले होते. टिळकांच्या लीगच्या क्षेत्रात महाराष्ट्र, कर्नाटक, मध्य प्रांत आणि वऱ्हाड होते. म्हणजे अण्यांची पिढी आयर्लंडकडे शेजारच्या गावाकडे पाहावे तशी पाहत होती.

त्या आयर्लंडची १९२१ साली वाटणी झाली. उत्तरेचे सहा परगणे ब्रिटनकडे राहिले, आणि तह मान्य करावा की नाही यावरून १९२२-२३ साली बंडातले सोबतीच एकमेकांवर उठले. अशा वेळी डब्लिनच्या ॲबी थिएटरात शॉन ओकेसी नावाच्या मजूर नाटककाराने काय केले? इंग्रजी माझे बेताचे. कोश जवळ घेऊन मी त्याची दोन नाटके वाचली. 'जूनो अँड द पेकॉक' हे १९२४ चे. त्यात यादवीत मारल्या गेलेल्या एका पोराची आई चाळीच्या जिन्यावर देवाला हाक मारते. शेजारीण जूनो ते ऐकून घेते. पुढे जूनोचाच मुलगा, त्या पोराचा ठावठिकाणा कळवला म्हणून, आपल्याच पक्षाच्या हातून मरतो. तेव्हा तिच्या तोंडी तीच हाक येते, आणि शेजारणीच्या दुःखाच्या वेळी आपले मन पुरते का हलले नाही, हे तिला टोचू लागते. दुसरे नाटक 'द प्लाऊ अँड द स्टार्स', १९२६ चे, म्हणजे बंडाला अवघी दहा वर्षे झाली असतानाचे. त्यात बाहेर पुढाऱ्याचे बलिदानाचे भाषण चालू आहे आणि आत दारूच्या गुत्त्यात चाळीतली माणसे पीत आहेत, भांडत आहेत. झेंडे गुत्त्यात आलेले पाहून प्रेक्षकांनी दंगल केली. कवी येट्स रंगमंचावर उभे राहिले आणि त्यांनी प्रेक्षकांनाच खडसावले.

ओकेसी स्वातंत्र्याचा वैरी नव्हता. त्याचा प्रश्न साधा होता : ज्यांच्या नावाने हे सारे चालले आहे, ती चाळीतली माणसे या भाषणात आहेत कुठे? देशाला या प्रश्नापाशी यायला फार वर्षे लागली. १९३७ च्या आयरिश घटनेने साऱ्या बेटावर हक्क सांगितला होता. उत्तरेतली जी माणसे या एकीला नको म्हणत होती, त्यांना विचारण्याची गरज त्या कलमांना वाटली नव्हती. मध्ये तीस वर्षे रक्त सांडले. १९९८ च्या करारानंतर ती कलमे बदलली आणि असे ठरले की दोन्ही भागांतल्या बहुमताने होकार दिला तरच एकीकरण. हक्काच्या जागी संमती आली. त्यावर वाद आजही चालू आहे, पण आता तो मने वळवण्याचा वाद आहे.

तुलना इथे थांबवली पाहिजे. आमच्याकडे बंदुका नव्हत्या, धर्माची भिंत नव्हती, आणि विदर्भवादी माणूसही आपली तक्रार मराठीतच करतो. मी राज्यांची तुलना करत नाही, लेखकांची करतो. एकीचा जयजयकार चालू असताना एकीच्या आतल्या माणसाकडे पाहणारा कोणी आमच्यात निघाला का?

निघाला. आणि गंमत अशी की त्याने एकीकरणावर एक अक्षर लिहिले नाही. १९६० सालीच, म्हणजे राज्य झाले त्याच वर्षी, उद्धव शेळके यांची 'धग' प्रसिद्ध झाली. शिंप्याच्या घरातली कौतिक, कर्तृत्वहीन नवरा, पदरची मुले आणि कधीही न मिटणारी ओढाताण. ना आंदोलन, ना करार, ना मुंबई. पण कौतिक आणि तिच्या भोवतालची माणसे बोलतात ती अस्सल वऱ्हाडीत. त्या बोलीचा उपयोग शेळक्यांनी विनोदासाठी केलेला नाही की रंग भरण्यासाठी केलेला नाही. कौतिकचा स्वाभिमान, तिचा संताप, तिचे हरणे त्याच बोलीत घडते. ती प्रमाण मराठीत उतरवली तर कौतिकच उरणार नाही. पुण्या-मुंबईच्या वाचकाला तिचे दुःख समजून घ्यायचे तर तिच्या शब्दांशी झटावे लागते. माझ्या मते एकीकरणाच्या वाङ्मयातली पहिली थोर कृती हीच. जोडले जाणे म्हणजे दोन्हीकडून थोडे चालत येणे, हे तिने कोणताही करार न करता साधले.

उलट दिशेनेही एक माणूस असाच चालत गेला होता. वेगळ्या विदर्भाचे कैवारी अणे यांनी उतारवयात कोणावर महाकाव्य रचले? रत्नागिरीत जन्मलेल्या आणि पुण्यात गाजलेल्या टिळकांवर, संस्कृतात. त्या 'तिलकयशोऽर्णवः' ला १९७३ साली, त्यांच्या मृत्यूनंतर पाच वर्षांनी, साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. वेगळे राज्य मागणाऱ्या माणसाचे मन वेगळे नव्हते, याची साक्ष याहून मोठी कोणती हवी? त्याला तुटलेला म्हणणारे लोक वाङ्मय वाचत नाहीत.

आता माझ्याविषयी सांगितले पाहिजे, नाहीतर हे सारे दुसऱ्याच्या खांद्यावरून बोलणे होईल. माझ्या पहिल्या कादंबरीतली खाणकामगारांची बोलणी मी वऱ्हाडीत लिहिली होती. हस्तलिखित परत आले ते खुणा होऊन : 'मले'चे 'मला', 'काहून'चे 'का', 'जाऊन रायला'चे 'जात आहे'. सोबत सूचना होती की असे केल्यास पुस्तक सगळीकडे वाचले जाईल. मी भांडलो नाही. उलट रात्रभर बसून उरलेल्या जागाही मीच शोधल्या आणि स्वतःच्या हाताने दुरुस्त केल्या. पुस्तक निघाले. गावातल्या एका जुन्या कामगाराने ते वाचून घेतले आणि म्हणाला, "चांगलं हाय मास्तर, पन हे मानसं कुठची हायेत?" त्या मुलीचा प्रश्न आणि हा प्रश्न एकच, हे मला फार उशिरा कळले. मुंबईने माझे काही हिरावून घेतले नव्हते. हातात लाल शाई माझ्याच होती.

म्हणून एकी असो की वेगळेपण, त्यावरच्या पुस्तकाकडे मी आता एकाच दृष्टीने पाहतो. ज्याच्या नावाने लेखक बोलतो आहे, तो माणूस पुस्तकात स्वतःच्या तोंडाने बोलतो का? विदर्भाच्या अन्यायावर लिहिलेली कितीतरी आवेशाची पाने या कसोटीला उतरत नाहीत, हेही मला सांगितले पाहिजे. त्यांतला शेतकरी अग्रलेखाच्या भाषेत रडतो.

ती मुलगी आता कुठे असेल मला ठाऊक नाही. तिला द्यायचे उत्तरही माझ्याजवळ पुरते तयार नाही. पण निबंधाच्या वह्या तपासताना 'मले' आले की मी आता त्याखाली रेघ ओढत नाही. शेजारी 'मला' लिहितो, आणि वर्गात दोन्ही शब्द वाचून दाखवतो. सध्या मी त्या पहिल्या कादंबरीची बोलणी पुन्हा लिहायला घेतली आहेत. सत्तर पाने झाली.