नवे अभंग, जुनी कसोटी

माउली, मी गाण्यातला जाणकार नव्हे, नुसता ऐकणारा. नाशिकच्या द्वारका चौकात मुंबई-आग्रा आणि पुणे रस्ता एकत्र येतात. तिथे रिक्षा अडकली की मोबाईलवर अभंग लावतो.

श्रीनिवास खळे यांच्या चालींतले लताबाईंचे ‘अभंग तुकयाचे’ ऐकताना मन एकांतात बसते. भीमसेनजींची संतवाणी लागली की गुडघ्यावरचा हात टाळ धरतो. अलीकडे मुंबईच्या ‘अभंग रिपोस्ट’ या तरुण मंडळींचे गिटारवरचे अभंग ऐकले. आधी कपाळाला आठी पडली. पण शेजारचा नातू धृपद म्हणू लागला आणि आठी गेली.

गिटारचे वावडे कशाला? आपली वीणाही तारांचीच. तक्रार वेगळी आहे, आणि ती कुणा एकाबद्दल नाही. नव्या अल्बमांत पुष्कळदा दोन चरण, मग वाद्यांची करामत, आणि ‘तुका म्हणे’ येण्याआधीच गाणे संपते. संतांनी सार ठेवले शेवटच्या चरणात. तेच गाळले तर उरते ती नुसती चाल.

म्हणून माउली, निवृत्तिनाथांच्या पालखीसोबत त्र्यंबकेश्वराहून निघाल की नवी चाल दिंडीत म्हणून पाहा. टाळकऱ्यांनी धृपद उचलले, पाऊल पडले आणि संतांची नाममुद्रा ओठी आली, तर तो अभंग आपला.

रामकृष्णहरी!