वाटलेली गरिबी, संपलेली जमीन

इंडोनेशियन भाषेत खेड्याला 'देसा' म्हणतात. किंमत म्हणजे 'हार्गा', संस्कृतातला 'अर्घ'. धंद्याला 'उसाहा' म्हणतात, म्हणजे आपला 'उत्साह'. भांडवलासाठी असलेला 'मोदाल' हा शब्द तमिळमधून तिकडे गेला, पण आपल्याला तो ऐकताच 'मुद्दल' आठवते. शब्द असे घरचे निघाले की खेडेही घरचेच वाटू लागते, आणि मग ते नीट पाहायचे राहून जाते. इंडोनेशियन खेड्याबद्दल परक्यांनी जे लिहिले त्यातही हा प्रकार बराच झाला आहे. प्रत्येकाने तिथे आपल्याला हवे असलेले खेडे शोधले. या लेखात मी दोन पुस्तके समोरासमोर ठेवून वाचणार आहे. पहिल्याने एक मोहक कल्पना जगभर पसरवली. दुसऱ्याने, माझ्या मते, तशा कल्पनांना जागाच ठेवली नाही.

पहिले पुस्तक क्लिफर्ड गीर्ट्झ यांचे 'अ‍ॅग्रिकल्चरल इन्व्होल्यूशन', १९६३ सालचे. जावा बेट देशाच्या भूभागाच्या जेमतेम सात टक्के, पण त्या काळी देशाची सुमारे दोन तृतीयांश माणसे तिथे राहत होती. ती जगली कशी, हा गीर्ट्झ यांचा प्रश्न. १८३०पासून डच सरकारने शेतकऱ्यांकडून निर्यातीची पिके सक्तीने घ्यायला सुरुवात केली. ऊस त्याच भातखाचरांत, त्याच पाण्यावर, पाळीपाळीने लावला जाई. साखर परदेशी गेली आणि नफाही. खेड्यात उरले भात आणि वाढती माणसे. भातखाचराचा गुण असा की त्यात जितके हात घालाल तितके ते थोडे थोडे अधिक देते. रोपे नेमकी लावा, तण वारंवार काढा, पाणी काळजीने फिरवा. एकरी उत्पन्न वाढते, माणशी मात्र जागच्या जागी राहते. बाहेर वाट नसल्याने सगळी व्यवस्था आतल्या आत अधिकाधिक गुंतागुंतीची होत गेली. अर्धेली, अर्धेलीतली पोट-अर्धेली, कामाचे बारीक तुकडे. प्रत्येकाच्या ताटात थोडे तरी पडावे म्हणून. याला गीर्ट्झ यांनी 'वाटून घेतलेली गरिबी' म्हटले.

हा शब्दप्रयोग फार देखणा आहे, आणि दोष तिथेच आहे. गीर्ट्झ यांच्याइतके चांगले गद्य लिहिणारे समाजशास्त्रज्ञ थोडे. वाचक वाक्याला दाद देतो आणि पुरावा विचारायचे विसरतो. वाटून घेतली म्हणजे कुणी, कुणाबरोबर, किती? ज्याच्या नावावर खाचरे आहेत आणि जो दुसऱ्याच्या खाचरात वाकलेला आहे, त्या दोघांची गरिबी एकच कशी? जेनिफर आणि पॉल अलेक्झांडर यांनी १९८२मध्ये स्पष्टच विचारले की ही वाटणी वस्तुस्थिती आहे की खेड्यातल्या सुस्थितांनी स्वतःबद्दल सांगितलेली गोष्ट. बेन व्हाइट यांनी सत्तरच्या दशकात योग्याकार्ताजवळच्या एका खेड्यात घरोघरच्या कामाचे तास मोजले. ज्यांना जमीन अपुरी होती त्या घरांतली बायकामाणसे आणि पोरेही शेतमजुरी, चटया विणणे, किरकोळ विक्री असे दिवसभर कसले ना कसले काम करत, आणि मोबदला सर्वांत कमी मिळणारी कामे त्यांच्याच वाट्याला येत.

मला स्वतःला सर्वांत पटणारा पुरावा एका हत्याराचा आहे. जावामध्ये भाताची कापणी 'आनी-आनी'ने होत असे. तळहातात लपेल एवढे हे पाते असते. बायका एकेक लोंबी खुडत आणि खुडलेल्या भाताचा ठरलेला हिस्सा, 'बावोन', घरी नेत. कापणीला कुणीही यावे, मालकाने नाही म्हणू नये, असा रिवाज होता. गीर्ट्झ यांच्या वाटणीचे याहून चांगले चित्र मिळणार नाही. मग साठच्या दशकाच्या अखेरीस अधिक उत्पन्नाची ठेंगणी बियाणी आली, सरकारी कर्ज आणि खत आले. मालक उभे पीक व्यापाऱ्याला उक्ते विकू लागला. या पद्धतीला 'तेबासान' म्हणतात. व्यापारी बाहेरचा, त्याला गावाची भीड नाही. तो मोजके गडी आणि विळे घेऊन यायचा. कापणी उरकली, बायका बांधावर उभ्या राहिल्या. पाठोपाठ भाताच्या गिरण्या आल्या आणि कांडपाचे कामही गेले. १९८४मध्ये इंडोनेशिया तांदळाच्या बाबतीत स्वयंपूर्ण झाला. ते यश खरे आहे, मी ते कमी लेखत नाही. पण वाटणी ही जर संस्कृतीच्या मुळाशी होती, तर ती पाच-दहा हंगामांत सुटली कशी? ती वाटणी नव्हतीच, देवघेव होती. मालकाला हातांची गरज होती तोवर ती टिकली. त्रिंबक नारायण आत्र्यांचा 'गावगाडा' वाचलेल्याला हे नवीन वाटू नये. तिथेही बलुत्याचा हिशेब चोख आहे, आणि तो भावनेचा नाही.

गीर्ट्झ यांच्या पुस्तकात आणखी एक इंडोनेशिया आहे: जावाबाहेरची बेटे आणि तिथली फिरती शेती. कोकणातला वाचक तिला 'कुमरी' म्हणून ओळखेल. जंगलाचा तुकडा तोडायचा, जाळायचा, एक-दोन वर्षे पेरायचा आणि पुन्हा जंगलाला परत द्यायचा. ही शेती जंगलाचीच नक्कल आहे, हे गीर्ट्झ यांचे निरीक्षण आजही अचूक वाटते. त्या डोंगरावरच्या माणसांचे पुढे काय झाले, हे टानिया मरे ली यांच्या २०१४च्या 'लँड्स एंड'मध्ये वाचायला मिळते.

सुलावेसी बेटाच्या मध्य प्रांतात, तोमिनी आखाताच्या काठी, किनाऱ्याची अरुंद पट्टी आणि तिच्यामागे लगेच उभे डोंगर आहेत. डोंगरात लाउजे लोक राहतात. वर रस्ता नाही. माल पाठीवरून खाली न्यायचा, मीठ आणि कापड पाठीवरूनच वर आणायचे. ली तिथे प्रथम १९९०मध्ये गेल्या आणि २००९पर्यंत पुनःपुन्हा जात राहिल्या. एकाच डोंगराकडे वीस वर्षे पाहणे म्हणजे काय, ते या पुस्तकाच्या पानापानांत कळते. सुरुवातीला लोक मका, भात आणि कसावा, म्हणजे ज्याच्यापासून आपण साबुदाणा करतो तो कंद, पिकवत. विकण्यासाठी तंबाखू किंवा छोटे कांदे. ज्या पूर्वजाने मूळ जंगल तोडले त्याच्या सगळ्या वंशजांचा त्या तुकड्यावर हक्क असे. मात्र पीक ज्याच्या श्रमाचे त्याचे. नवऱ्याचे वेगळे, बायकोचे वेगळे. आदिवासी म्हणजे सगळे सामाईक, ही आपली आवडती समजूत ली इथेच बाजूला ठेवतात.

नव्वदच्या दशकात कोकोची रोपे डोंगर चढली. सरकारने हुकूम काढला नव्हता, कंपनी आली नव्हती. लोकांनी किनाऱ्यावर पाहिले आणि स्वतः लावली. त्यांना बरे घर हवे होते, मुलांची शाळा हवी होती, खालच्या लोकांसमोर मान वर करून उभे राहायचे होते. कोणता शेतकरी हे मागत नाही? पण झाड लावणाऱ्याचे असते, आणि कोकोचे झाड वर्षानुवर्षे उभे राहते. त्यामुळे झाडाखालची जमीन पुन्हा जंगलाकडे, म्हणजेच पुन्हा सगळ्यांकडे, जाईना. सामाईक जमीन एकेकाची झाली, आणि त्यासाठी एकाही कागदावर सही लागली नाही. लाउजे भाषेत अशा विकता येणाऱ्या तुकड्याला शब्द नव्हता. 'लोकासी' हा शब्द बाहेरून आला आणि रुळला. ली यांनी या एका शब्दाचा माग ज्या चिकाटीने काढला आहे तो भाग मी दोनदा वाचला.

पुढची पायरी अटळ नव्हती, पण आली. मका-भाताची जागा कोकोने घेतली, म्हणून तांदूळ विकत घ्यावा लागला. आजारपण, उधारी, एखादे वाईट वर्ष, की तुकडा विकला. घेणारा शेजारी, कधी भाऊच. १९९७च्या मध्यात डॉलरला सुमारे २,४०० रुपिया मोजावे लागत, ते जून १९९८मध्ये १६,०००च्या आसपास गेले. जाकार्तात हाहाकार, आणि सुलावेसीच्या कोको बागाइतदारांच्या हातात कधी नव्हे एवढा पैसा. ज्याच्याकडे झाडे होती तो वर गेला. ज्याच्याकडे नव्हती त्याला जमीन घेणे आणखी अवघड झाले. पूर्वी तो डोंगरात आत सरकून नवे जंगल तोडू शकत होता. आता आत जागा नव्हती. पुस्तकाचे नाव त्यावरूनच आहे.

खाली कारखाना नव्हता, शहरात काम वाट पाहत नव्हते. शेतीतून सुटलेली माणसे उद्योगात सामावतात ही पाठ्यपुस्तकी गोष्ट ली या डोंगरावर तपासून पाहतात, आणि ती तिथे टिकत नाही.

या पुस्तकाची अडचण चळवळींनाही आहे. इंडोनेशियातल्या आदिवासी संघटनांनी मोठा लढा दिला. मे २०१३मध्ये घटना न्यायालयाने निकाल दिला की परंपरागत हक्काची वने ही सरकारी वने नव्हेत. त्या लढ्यात आदिवासी समूह म्हणजे जमीन सामाईक राखणारे, जंगलाचे राखणदार. लाउजे त्या चित्रात बसत नाहीत. त्यांनी आपल्या हातांनी वाटण्या केल्या. म्हणून त्यांचा हक्क कमी होतो का? ली यांचे उत्तर 'नाही' आहे, आणि ते मला मान्य आहे.

एका ठिकाणी मात्र माझे त्यांच्याशी जमत नाही. कुणी सक्ती केली नाही, हे त्या इतक्या ठामपणे मांडतात की सरकार पडद्याआड जाते. देशाच्या निम्म्याहून अधिक भूभागाला सरकारी वन ठरवणारी, पण डोंगरात रस्ता, दवाखाना, स्वस्त कर्ज न पोहोचवणारी सत्ता गैरहजर कशी म्हणावी? किनाऱ्यावरच्या व्यापाऱ्याची उधारी हाच एकमेव पतपुरवठा असेल, तर ती निवड कितपत मोकळी? हा प्रश्न ली यांच्याच तपशिलातून उभा राहतो. त्यांनी तो अधिक जोरात विचारायला हवा होता.

योगायोग असा की पुस्तक आले त्याच वर्षी इंडोनेशियाने खेड्यांचा नवा कायदा केला. २०१५पासून सुमारे ७५ हजार देसांना केंद्राकडून थेट निधी मिळतो, आणि त्यातला बराचसा रस्त्यांवर आणि बांधकामांवर जातो. डोंगरातल्या माणसाने वर्षानुवर्षे मागितलेला तो रस्ता. त्याच्या कडेची लोकासी ज्यांच्याकडे आहे त्यांच्या कोकोला आणि लवंगेला भाव चांगला मिळेल. ज्यांच्याकडे नाही त्यांच्यासाठी २०१८पासून त्याच निधीतून रोख मजुरीची कामे काढली जातात: रस्ता बांधून होईपर्यंतची.