'गेटवे ऑफ इंडिया' : नाम आणि वास्तू

वास्तूचे परीक्षण करताना तिच्या शिल्पाइतकाच तिच्या नामाचाही विचार करणे अगत्याचे असते. नाम ठेवणारा कोठे उभा आहे, हे नामावरून कळते.

आपल्याकडे नगरद्वारांस बहुधा आतून बाहेर जाणाराच्या दृष्टीने नाव मिळते. शनिवारवाड्याचा उत्तराभिमुख दरवाजा 'दिल्ली दरवाजा' ठरला. छत्रपती संभाजीनगरातही पैठण दरवाजा आणि दिल्ली दरवाजा आहेत. दरवाजा जिकडे नेतो, तिकडचे नाव तो धारण करतो. 'गेटवे ऑफ इंडिया' हे नाम मात्र समुद्रावरून येणाराच्या तोंडचे आहे.

२ डिसेंबर १९११ रोजी पंचम जॉर्ज व राणी मेरी पालवा बंदरावर उतरले, त्याचे हे स्मारक. परंतु कोनशिला बसली ती ३१ मार्च १९१३ रोजी. जॉर्ज विटेट यांचा आराखडा १९१४ साली संमत झाला आणि उद्घाटन ४ डिसेंबर १९२४ रोजी लॉर्ड रीडिंग यांच्या हस्ते झाले. अर्थात ज्या आगमनाचे हे स्मारक, ते आगमन या कमानीखालून घडलेच नाही. उलट २८ फेब्रुवारी १९४८ रोजी सॉमरसेट लाइट इन्फन्ट्री ही अखेरची ब्रिटिश पलटण तिच्याखालून निघून गेली, आणि आपल्या रूढीच्या अर्थाने ती त्या दिवशी दरवाजा झाली.

पिवळसर बेसाल्टची बांधणी, सोळाव्या शतकातील गुजराती शैलीचा आधार, सुमारे ८५ फूट उंची, ४८ फूट व्यासाचा घुमट ही तिची अंगे भव्य खरीच. तथापि तिच्याकडे येणारा नियोजित मार्ग द्रव्याभावी झाला नाही. त्यामुळे रस्त्याच्या संदर्भात ती तिरकी भासते. तिचे खरे आकर्षण भव्यतेत नसून मोकळेपणात आहे. या द्वारास कवाडे नाहीत; कमानीतून थेट समुद्र दिसतो.

म्हणूनच छापील मराठीतील 'भारताचे प्रवेशद्वार' हा अनुवाद सदोष वाटतो. मूळ इंग्रजी शब्दात जाणे आणि येणे दोन्ही संभवते. 'प्रवेश' हे पद आपणच जोडले आणि साम्राज्याचा अभिप्राय मुळाहूनही दृढ केला. लोकभाषा अधिक जाणती ठरली. तिने 'ऑफ इंडिया' गाळून नुसते 'गेटवे' ठेवले. आमच्या रायगड जिल्ह्यातील घारापुरीस वा मांडव्यास जाणारा उतारू लाँच धरावयास 'गेटवेवर' जातो. त्याच्या लेखी ते कोणाच्या आगमनाचे स्मारक नसून स्वतःच्या प्रस्थानाचा धक्का होय. या वास्तूचे मराठी नाव ठरवावयाचे, तर आरंभ त्याच्या बोलीपासून व्हावा.