बायबल मराठीत आले, चिकित्सा वाटेवरच

१९७४च्या 'रोटी' चित्रपटात राजेश खन्ना चिडलेल्या जमावाला गाण्यातून सुनावतो की, ज्याच्या हातून कधी पाप घडले नसेल त्यानेच पहिला दगड मारावा. हा प्रसंग मुळात योहानाच्या शुभवर्तमानातला. आपल्याकडे अग्रलेखांपासून कीर्तनांपर्यंत तो सर्रास वापरला जातो आणि वापरणाऱ्याला त्याचे मूळ ठाऊक असतेच असे नाही. गंमत अशी की, योहानाच्या सर्वांत जुन्या हस्तलिखितांत तो प्रसंगच नाही. तिसऱ्या शतकाच्या आसपासच्या पपायरसच्या प्रतींत नाही आणि चौथ्या शतकातल्या सिनायटिकस व व्हॅटिकानस या संहितांतही नाही. तिथे सातव्या अध्यायातले ५२वे वचन संपते आणि थेट आठव्यातले १२वे सुरू होते. पाचव्या शतकाच्या सुमारास केलेल्या बेझा संहितेत मात्र तो सापडतो. काही प्रतींत तर तो लूकच्या शुभवर्तमानात २१व्या अध्यायाच्या शेवटी जाऊन बसला आहे. भाषेची ढबही योहानापेक्षा लूकच्या जवळची. तोंडोतोंडी फिरणारी जुनी आठवण पुढे कोणा लेखनिकाने संहितेत घेतली असावी, असे बहुतेक अभ्यासक मानतात.

मराठी वाचकाने यावर भुवया उंचावायचे कारण नाही. पुण्याच्या भांडारकर संस्थेत विष्णू सीताराम सुकथनकरांनी १९२५मध्ये महाभारताच्या चिकित्सित आवृत्तीची सूत्रे हाती घेतली आणि १९६६मध्ये ते काम पुरे झाले. व्यास सांगताहेत आणि गणपती लिहितो आहे, ही घराघरांतली कथा त्या आवृत्तीने मूळ संहितेतून काढून परिशिष्टात टाकली. गणपतीचे काही बिघडले नाही. कथा आजही सांगितली जाते आणि संहितेचा प्रश्न आला की जाणकार परिशिष्टाकडे बोट दाखवतात. दोन्ही गोष्टी एकाच समाजात सुखाने नांदतात. हस्तलिखितांची कुळे लावण्याची ही रीत युरोपात ग्रीक-लॅटिन ग्रंथ आणि बायबल यांच्यावरच घासूनपुसून तयार झाली होती. ती पुण्यात येऊन महाभारतासाठी राबली. मराठी बायबलच्या वाट्याला मात्र ती फारशी आलीच नाही.

भाषांतरांची आपल्याला उणीव नाही. फादर स्टीफन्स यांचे 'क्रिस्तपुराण' १६१६मध्ये गोव्यात राचोलला छापले गेले. विल्यम केरी यांच्या बंगालमधल्या श्रीरामपूरच्या छापखान्यातून १८०५मध्ये मत्तयाचे शुभवर्तमान मराठीत निघाले. १८४७मध्ये संपूर्ण बायबल आले. पंडिता रमाबाईंनी केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये हिब्रू आणि ग्रीकचा अभ्यास करून सगळे बायबल एकटीने मराठीत आणले. १९२२मध्ये त्या गेल्या आणि १९२४मध्ये ते छापून झाले. इतके श्रम भाषांतरावर झाले. मग चिकित्सा कुठे अडली?

माझ्या मते ती मुंबईच्या समुद्रकिनाऱ्यावर अडली. १८५७मध्ये विष्णुबुवा ब्रह्मचारी तिथे मिशनऱ्यांशी जाहीर वाद घालत. प्रश्न तिखट असत आणि उत्तरेही तयार असत. पण ऐकणाऱ्यांपुढे मुद्दा एकच होता : कोण जिंकले? त्याच काळात दक्षिण आफ्रिकेतल्या नाताळ प्रांताचे बिशप कोलेन्सो झुलू भाषेत बायबल आणत होते. त्यांच्या झुलू मदतनिसाने नोहाच्या जलप्रलयाबद्दल साधी शंका विचारली आणि बिशपसाहेब हिशेब मांडायला बसले. १८६२पासून त्यांनी मोशेच्या पाच ग्रंथांतली आकडेवारी तपासून पुस्तके काढली आणि इंग्लंडात गहजब झाला. शंका दोन्हीकडे सारखीच होती. तिथे तिचा अभ्यास झाला, इथे ती शस्त्र होऊन राहिली. धर्मांतराच्या भांडणात सापडलेल्या ग्रंथाचे थर कोण मोजत बसणार?

ही कोंडी थोडीफार फोडली ती वसईने. नंदाखालचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी 'सुवार्ता' मासिक वर्षानुवर्षे चालवले आणि मग 'सुबोध बायबल' दिले. चर्चच्या ठेवणीतल्या मराठीतून ग्रंथ बाहेर काढून त्यांनी तो सर्वसाधारण वाचकाच्या कपाटात नेला, हे मोठेच काम. २०२०मध्ये धाराशिवच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले तेव्हा 'धर्मगुरू कसा काय?' म्हणून काहींनी आरडाओरड केली. त्या गदारोळात पुस्तकाची चर्चा राहून गेली, हे आपल्या साहित्यव्यवहाराला शोभणारेच. 'सुबोध'चा भर नावाप्रमाणे समजावण्यावर आहे. हस्तलिखितांचे वाद पुढच्या कोणी घ्यायचे होते. २०२४च्या जुलैत दिब्रिटो गेले.

रिकामी जागा रिकामी राहत नाही. बाबाराव सावरकरांचे 'ख्रिस्तपरिचय' १९४६चे. येशू तमिळ हिंदू होता, असा त्यातला दावा. २०१६मध्ये ते मुंबईत पुन्हा निघाले. रशियन लेखक नोटोविचने १८९४मध्ये आपल्या पुस्तकात येशूला लडाखच्या हेमिस मठात शिकायला पाठवले. दुसऱ्याच वर्षी आग्र्याचे प्राध्यापक डग्लस मठात जाऊन आले आणि तिथल्या प्रमुख लामांनी सगळे झूट असल्याचे सांगितले. तरी ही कथा दिवाळी अंकांत फिरतेच. 'द दा विंची कोड'चा चित्रपट २००६मध्ये आला, तेव्हा सेन्सॉर बोर्डाने कथा काल्पनिक असल्याची सूचना जोडायला लावली. समीक्षकाचे काम सेन्सॉरने केले!

विज्ञानाची साक्षही आपण अशीच सोयीने काढतो. नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटले आणि सात जोडपी वाचली, अशी कोकणातल्या बेने इस्रायल समाजाची आख्यायिका. २०१६मध्ये त्यांच्या जनुकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात मध्यपूर्वेतल्या ज्यूंचा आणि भारतीयांचा, दोन्ही वारसे स्पष्ट दिसले. ज्यू वारसा पुरुषांकडून जास्त आलेला. दोन्ही वंशांची सरमिसळ साधारण १९ ते ३३ पिढ्यांपूर्वीची. म्हणजे मध्यपूर्वेशी नाते खरे. पण गलबत, चौदा माणसे किंवा इस्रायलचे हरवलेले वंश यांपैकी काहीही जनुके सांगत नाहीत. बातम्यांनी मात्र 'डीएनएने सिद्ध केले' असे छापून मोकळे व्हायचे.

याच समाजाने १८८०च्या सुमारास बायबलमधली आख्याने मराठी कीर्तनात आणली. मराठी वृत्तांत आणि आपल्या चालींवर अब्राहाम आणि योसेफ उभे केले. बायबल, लोककला आणि मराठी यांची एवढी घट्ट गाठ दुसरीकडे क्वचितच पडली असेल. पण कीर्तनाचा इतिहास लिहिणारे त्यांना ज्यू म्हणून बाजूला ठेवतात आणि बायबलचे अभ्यासक ती कीर्तने आहेत म्हणून.