'समांतर' आणि उद्याचे पान

सतीश राजवाडे दिग्दर्शित 'समांतर' मालिकेचा पहिला भाग मार्च २०२० मध्ये आला आणि कुमार महाजनच्या हाती चक्रपाणीच्या रोजनिश्या देऊन थांबला. दुसऱ्या भागाची जाहिरात होताच तर्कांना ऊत आला. मालिका हिंदीतही असल्याने येथे अहिवाऱ्यात आमचे अमराठी सहकारीही हिरिरीने वाद घालीत. कुमारच्या आयुष्यात येणारी ती स्त्री कोण, याभोवतीच सारे फिरत.

आमची पंचाईत निराळी होती. सुहास शिरवळकरांची मूळ कादंबरी आम्ही वाचलेली. 'तुम्हांस ठाऊक आहे, सांगून टाका,' असा तगादा सुरू झाला. आम्ही सांगितले नाही; एका स्नेह्याने त्यावरून दोन दिवस अबोला धरला!

'सिग्नल' ही कोरियन गुन्हेकथा २०१६ साली अधांतरी थांबली, तेव्हा प्रेक्षकांपाशी चाळून पाहावयास पुस्तक नव्हते. येथे उत्तर कपाटातच होते. पण कुमारची अवस्था तरी निराळी काय? सारी रोजनिशी हाती, आणि वाचावयाचे मात्र रोज एकच पान. म्हणूनच स्त्री कोण, हा प्रश्न आम्हांस दुय्यम वाटे. उद्याचे पान वाचूनही ते चुकविता येते काय, याचा कस दुसऱ्या भागात लागावा, ही आमची अपेक्षा होती.

जुलै २०२१ मध्ये आलेल्या, समीर विद्वांस दिग्दर्शित त्या भागाने ती अर्धीच पुरविली. त्या स्त्रीच्या गूढावर फार वेळ खर्ची पडला. मात्र पान उलटण्यापूर्वी स्वप्नील जोशींचा कुमार जेथे जेथे थबकतो, तेथे शिरवळकरांची कादंबरी जिवंत होते.

त्यानंतरच आम्ही त्या स्नेह्यास कादंबरीचा शेवट सांगितला.